सव्वा मिनिटासाठी टाच पणाला लावावी का?

रंकाळाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. वय ४७. हाफ मॅरेथॉनमधला माझा सर्वोत्तम वेळ २ तास १ मिनिट १६ सेकंद. दोन तासांच्या आत यायचं तर ७७ सेकंद कमी करायला हवेत. २१.१ किलोमीटरवर वाटून बघा, किलोमीटरला पावणेचार सेकंदसुद्धा होत नाहीत. चपलेचा अंगठा नीट करायला तेवढा वेळ लागतो.

आपल्या इथलीच हाफ तीन आठवड्यांवर आलीय. अख्खा पावसाळा रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, रविवारी विद्यापीठाकडचा चढ केला, दोनदा पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. सगळं जमून आलं होतं, आणि महिन्यापूर्वी उजव्या टाचेच्या वरची शीर धरली. सकाळी पलंगावरनं पाय खाली टाकला की पहिली दहा पावलं कपाट धरून. पळताना पहिले दोन किलोमीटर बोंबलते, मग गप्प होते, आणि संध्याकाळी ऑफिसच्या जिन्यावर परत सुरू. सोनोग्राफी झाली. अकिलीसची शीर जाड झालीय, फाटलेली नाही. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पळणं बंद.

माझं मत: पळायचं. फाटलेली नाही ना? आणि पुढच्या वर्षी मी ४८ चा होणार, वेग काय वाढणार आहे का? २०२४ ला ब्रसेल्सला नीरज चोप्रानं डाव्या हाताचं हाड मोडलेलं असताना ८७.८६ मीटर भाला टाकला, एका सेंटीमीटरनं पहिला नंबर हुकला. त्याला देशानं डोक्यावर घेतलं. मला घरात येडा म्हणतात. बोला.

लाल_माती

नीरजचा मोडला डावा हात, भाला फेकतो उजव्यानं. तुझी दुखतीय ती टाच तू घरी ठेवून पळणार हायस का?

काटाकिर्र

नाद खुळा रिप्लाय 😄 पण माझं मत धागाकर्त्याच्या बाजूनं. चीनचा लिऊ शिआंग आठवा. २०१२, लंडन ऑलिंपिक, ११० मीटर हर्डल्स. पहिल्याच अडथळ्यावर अकिलीस तुटली. गडी एका पायावर लंगडत शेवटापर्यंत गेला आणि शेवटच्या हर्डलचं चुंबन घेतलं. त्या शर्यतीत पहिला कोण आला सांगा बघू? कोणालाच आठवणार नाही. लिऊ आठवतो.

लाल_माती

आठवतो की. पण तू त्याचं निम्मंच सांगितलंस. २००८ ला बीजिंगमध्ये, घरच्या मैदानावर, सगळा चीन बघत असताना तोच माणूस टाच दुखते म्हणून पळायच्या आधीच आत निघून गेला. लोक रडले, शिव्या घातल्या. पण तेव्हा थांबला म्हणून २०११ ला जागतिक स्पर्धेत रौप्य घेऊन आला. लंडनला थांबला नाही, तिथं कारकीर्द संपल्यातच जमा झाली. चुंबनाचा फोटो चांगला आलाय, नाही म्हणत नाही.

आता माझं सांगतो. तालमीत होतो, वय २४. गावच्या जत्रेत कुस्ती ठरलेली, गुडघा आधीच सुजलेला. वस्ताद म्हणाले, यंदा नको, आखाड्याकडं बघायचंबी नाही. पण मैदानात हलगी कडाडली, पाहुणेरावळे जमलेले, अन् मी लांग चढवली. घुटना डावावर चितपट केला गड्याला. फेटा, इनाम, मिरवणूक, सगळं झालं. आज ५२ वर्षांचा आहे. लग्नाच्या पंगतीत पोरंटोरं मांडी घालून बसत्यात आणि मी कडेला खुर्चीवर, कुणाच्यातरी आजीशेजारी. वाढपी आधी आजीला विचारतो, मग मला.

काटाकिर्र

दादा, वाईट वाटलं. पण एक खरं सांगा. त्या फेट्यातला फोटो घरात लावलाय का नाही?

लाल_माती

लावलाय.

काटाकिर्र

कुठं?

लाल_माती

देव्हाऱ्याशेजारी. गप बस आता.

पहाटे_पाच

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. 'दोन महिने बंद' हे डॉक्टर ज्या सहजतेनं लिहितात ना, त्याचा मला राग येतो.

मी ४३ वर्षांची. पाच ते साडेसहा हा दिवसातला एकच तुकडा माझा आहे. मागच्या वर्षी पोटरी धरली म्हणून शहाण्यासारखी सहा आठवडे थांबले. त्या वेळेत आधी लेकाचा डबा घुसला. मग सासूबाईंचं गरम पाणी. मग त्याची सकाळची शिकवणी आणि त्याला सोडणं. पोटरी सहा आठवड्यांत बरी झाली, तो दीड तास परत मिळवायला आठ महिने लागले. तुम्ही सगळे शिरा आणि सांध्यांवर बोलताय. विश्रांतीचा खर्च फक्त पायाला मोजायचा नसतो.

गोळीवाला

ताई, पाच वाजता उठून बाहेर पडायला कोण अडवतंय? सायकल मारा, पोहायला जा. वेळही राहील, दमही राहील.

पहाटे_पाच

बरोबर, पुरुषांना कोणी अडवत नाही. शर्यतीत नाव घातलंय म्हटलं की घरचे गप्प बसतात, कारण पैसे भरलेत. 'टाचेचे व्यायाम करायला निघाले' म्हटलं की उत्तर तयार, मग घरीच कर की, आणि करता करता कुकर बघ.

गोळीवाला

पटलं. मागे घेतो.

माझं मेडिकल दुकान आहे, त्या अनुभवावरून वेगळंच सांगायचंय. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षी तेच चेहरे येतात. डायक्लोफिनॅक (दुखणं मारायची गोळी) द्या, दोन द्या, एक सुरू व्हायच्या आधी आणि एक खिशात. भावांनो, दोन तास घाम गाळताना मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी पोचत असतं. त्यात ही गोळी त्याला आणखी आवळते. वर पाणीही कमी प्यालेलं. बहुतेकांना काही होत नाही हे खरं. ज्याला होतं तो मग वेगळ्याच दुकानाचं गिऱ्हाईक होतो. पोटाचं तर विचारूच नका. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ २००४ ला अथेन्सला मॅरेथॉन अर्धवट सोडून रस्त्याकडेला रडत बसली. तिच्या पायाला दुखापत होती, त्यासाठी घेतलेल्या सूज उतरवायच्या गोळ्यांनी पोटाची वाट लावली, असं तिनंच नंतर सांगितलं. आणि त्याच्या आदल्या वर्षी लंडनला याच बाईनं २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता.

अजून एक, हे खास टाचवाल्यांना. गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलंय का? पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली की लोक स्वतःच्या मनानं येऊन मागतात. या जातीच्या अँटिबायोटिकनं टेंडन (म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी शीर, अकिलीस त्यातलीच) तुटायचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ पासून त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय. आणि अकिलीसमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन मारून शर्यतीला उभं राहायचा विचार असेल तर तो आत्ताच डोक्यातनं काढा.

गाडी_मीच_चालवतो

इंजेक्शनचा विषय निघाला म्हणून मी पण बोलतो. (बाईच आहे. कोल्हापूरची आहे, मग जातो-येतोच म्हणणार.)

आमच्या ह्यांनी तेच केलं होतं. दुखणं तीन महिने अंगावर काढलं, मग एका ठिकाणी इंजेक्शन घेतलं. आठ दिवस एकदम झकास. रविवारी पळायला गेले. पळता पळता मागनं कुणीतरी काठी हाणली असं वाटलं म्हणे. मागं वळून बघितलं तर रस्त्यावर कोण नाही.

ऑपरेशन, प्लास्टर, मग तो मोठा बूट. गादी हॉलमध्ये आली. अडीच महिने सिलिंडर मी ओढला, पोरीला क्लासला मी नेलं, ह्यांना डॉक्टरकडं नेताना कुबड्या स्कूटरवर आडव्या धरून बसायचे, मागच्या रिक्षावाल्याला लागायच्या. तुम्ही सगळे लिहिताय 'माझा पाय, माझी मर्जी'. पाय तुमचा असेल, त्याच्यावर उभं घर असतंय. पहाटे पाच ताईंचं दुःख कळतंय मला, त्यांच्या जागी मी पण चिडलो असतो. पण धागाकर्त्याच्या घरी त्यांना येडा का म्हणतात ते पण जरा विचारून बघा.

पोटरी_घोटा

फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही बाजूंना नाराज करतो.

आधी थांबा म्हणणाऱ्यांना. जाड झालेल्या अकिलीसला नुसती विश्रांती फार उपयोगाची नाही. टेंडनला भार लागतो, बेतानं दिलेला. स्वीडनचे सर्जन आल्फ्रेडसन स्वतः पळणारे, स्वतःची अकिलीस दुखायची. वरिष्ठ ऑपरेशन करीनात. मग यांनी ठरवलं, ही शीर इतकी ताणायची की तुटेलच, मग तर ऑपरेशन करावं लागेल! पायरीच्या कडेला उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम सुरू केला. तुटली नाही, बरी झाली. त्यातनं आलेली पद्धत १९९८ ला त्यांनी प्रसिद्ध केली: दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. आजही सगळे त्याच्याच आवृत्त्या करवतो. पुढं २००७ ला स्वीडनमध्येच अभ्यास झाला. व्यायाम दोन्ही गटांना तेच. एका गटाला पळणं बंद, दुसऱ्याला पळू दिलं, पण वेदनेवर नजर ठेवून: दहापैकी पाचपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत उतरली पाहिजे, आठवड्यागणिक आखडणं वाढता कामा नये. दोन्ही गट सारखेच सुधारले. तेव्हा 'दोन महिने बंद' हा एकमेव मार्ग नाही.

रंकाळाकाठचा

😀 मी सकाळपासून हेच सांगतोय!

पोटरी_घोटा

थांबा, निम्मंच झालंय. तो नियम चालतो कारण माणूस पाचाचे सहा झाले की थांबतो. तुम्ही १८ व्या किलोमीटरला आहात, घड्याळ सांगतंय किलोमीटरला ५:४० नं चाललंय, समोर चढ आहे, टाच सात म्हणतेय. थांबणार? आणि शर्यतीच्या भरात ती सात म्हणणारच नाही, तीनच म्हणेल. खरा आकडा सोमवारी सकाळी कपाटापाशी कळेल. म्हणून मी पळू देतो, पण विक्रमाला नाही म्हणतो. आरामात पळणं आणि जीव काढून पळणं ही त्या शिरेच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत. विद्यापीठाचा चढ तर आजपासून बंद, चढावर टाच खाली जाते आणि टेंडन पूर्ण ताणलेल्या अवस्थेत जोर लावतं.

भांडण मिटवायला एक चाचणी देतो. अनवाणी उभे राहा, भिंतीला फक्त बोटं टेकवा, गुडघा सरळ. एका पायावर टाच पूर्ण उचलायची आणि सावकाश खाली, दोन सेकंदांना एक. आधी चांगला पाय, मग दुखरा. किती होतात ते इथं लिहा. मोजायला दुसरं माणूस ठेवा, स्वतः मोजू नका.

काटाकिर्र

सर, पण असं बघितलं तर कोणीच कधी काही करणार नाही. दुखत नाही असा पळणारा दाखवा मला. सगळ्यांचंच काही ना काही दुखतंय. मग रेषा कुठं मारायची?

पोटरी_घोटा

पायाची मारली की सर. तुम्ही मनाची मागताय. ती माझ्या दवाखान्यात मिळत नाही.

पहाटे_पाच

धागाकर्ते, चाचणी करा पण एक सांगते. दोन तासांच्या आत आलात तर जगाला काही फरक पडणार नाही, नाही आलात तरी नाही. तुम्हाला पडतो, हे पुरेसं कारण आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका. इथं निम्मे लोक टाचेबद्दल कमी आणि 'या वयात कशाला' याबद्दल जास्त बोलतायत.

लाल_माती

ताई, मी 'या वयात' म्हणत नाही. मी २४ चा होतो.

रंकाळाकाठचा

केली चाचणी. स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी. बायको मोजायला, हातात लाटणं तसंच.

डावा: २६. उजवा: नऊ. दहावीला टाच उचललीच नाही. म्हणजे दुखली नाही, नुसती उठली नाही. मी वर जातोय असं मला वाटत होतं आणि बायको म्हणाली, "अहो, करा की." मी म्हटलं करतोय. ती म्हणाली, "टाच जमिनीवरच आहे."

दुखण्याला मी घाबरलो नव्हतो. हे वेगळंच निघालं.

पोटरी_घोटा

पोटरीतली ताकद गेलीय. दुखणं शर्यतीत दबेल, ही दबणार नाही. बारा आठवडे द्या. हिवाळा मोठा आहे, पुढच्या शर्यती आहेत.

काटाकिर्र

दादा, नऊ म्हणजे इषय हार्ड आहे. मी माझा शब्द मागं घेतो. निम्मा.

गाडी_मीच_चालवतो

वहिनींना सांगा, लाटणं जवळच ठेवा.

रंकाळाकाठचा

आयोजकांना फोन केला. २१ चं १० किलोमीटर करून मिळतंय, पैसे परत नाहीत, टी-शर्ट तोच. फिजिओ सर, दहा आरामात चालेल ना? चढ टाळून?

पोटरी_घोटा

तोवर सकाळचं आखडणं वाढलं नाही तर चालेल. आरामात म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारत. घड्याळ घरी.

लाल_माती

शाब्बास. शेवटच्या वळणावर मी असतो, खुर्ची घेऊन येतो.

रंकाळाकाठचा

या या. माझा दहाचा सर्वोत्तम वेळ ५४:१० आहे. सहज सांगतोय.

पोटरी_घोटा

घड्याळ. घरी.