‘लगेच’ नाही बदलले कपडे

दुसरं महायुद्ध संपलं आणि लगेच फॅशन बदलली, असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. त्यातला ‘लगेच’ मला पटत नाही. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग जून १९४१ मध्ये सुरू झालं ते मार्च १९४९ पर्यंत चाललं. कपडा वाचवायला १९४२ मध्ये पुरुषांच्या पँटचा फोल्ड (पायाशी बाहेर दुमडलेली पट्टी) बंद, खिसे कमी. बायकांच्या स्कर्टच्या चुण्या आणि बटणंसुद्धा मोजून.

फोल्डने असा किती कपडा वाचणार? आमचं म्हापशात शिलाईचं दुकान होतं. बाबा जुन्या पँटचा फोल्ड उसवायचे तेव्हा आत न विटलेला, गडद कपड्याचा पट्टा निघायचा, चांगला तीन-चार बोटं रुंद. प्रत्येक पायाला तेवढा. लाखो पँटींचा हिशोब करा!

म्हणूनच १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओर यांनी बारीक कंबर आणि भरपूर घेराचे लांब स्कर्ट आणले, तेव्हा कित्येकांना ती उधळपट्टी वाटली. चर्चेत कुणी या चिडलेल्या लोकांना जुनाट म्हटलंय. मला त्यांचा राग अगदी रास्त वाटतो. रेशनची कूपनं जपून वापरणाऱ्या बाईला तो घेर बघून काय वाटलं असेल!

पुरुषांचं म्हणाल तर सैन्यातून सुटताना ब्रिटिश सरकारनेच सूट दिले, त्यामुळे बरेच जण एकसारखेच दिसायचे.