चकवा लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

सड्यावरचा
मे महिन्यात गावी होतो, देवगड तालुक्यात. लग्नाहून परतताना शेवटची एसटी चुकली, म्हणून सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, चालत निघालो. वाट पाऊण तासाची, लहानपणापासून पायाखालची. चंद्र नव्हता, वर मळभ, मोबाइल मेलेला. एक पडका गडगा (दगडी बांध) ओलांडला. बऱ्याच वेळाने पुन्हा तोच. तिसऱ्यांदा आला तेव्हा घाम फुटला. तिथेच बसून राहिलो, कोंबडं आरवल्यावर घरी. आई म्हणाली, "चकवो लागलो तुका." मी केमिस्ट्री शिकवतो, भुताखेतांवर विश्वास नाही. पण मी सरळच चालत होतो हो!

कंपासपेटी
'सरळच चालत होतो' असं प्रत्येकालाच वाटतं. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन वगैरेंनी 2009 मध्ये याच्यावर प्रयोग छापलाय. माणसांना जीपीएस लावून जंगलात सोडलं, सरळ चाला म्हणून. आभाळ भरलेलं असताना चाललेले चारही जण गोल फिरले. तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही नाही. सूर्य दिसत होता तेव्हा मात्र लोक सरळ गेले. सहारात रात्री एक जण चंद्राच्या आधाराने चालत होता. चंद्र ढगाआड गेला आणि गडी वळून आला त्याच दिशेला निघाला! एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो का, हेही त्यांनी तपासलं, तसं निघालं नाही. 'समोर' कुठे आहे याचा अंदाज पावलागणिक किंचित ढळतो आणि ती चूक साठत जाते. डोळे बांधले तर काहींची वर्तुळं 20 मीटर व्यासाचीही नव्हती.

खडूस
पण तोच गडगा कशावरून? सड्यावर सगळे गडगे सारखेच.

सड्यावरचा
वर कुणीतरी निळी फुटकी घागर पालथी घातली होती. तीनदा तीच.

नानू
आमचे आजोबा सांगायचे, चकवा लागला की हलायचं नाही, बसून बिडी ओढायची. भूत विस्तवाला भितं म्हणे. बिडीचं जाऊ द्या, बसणं महत्त्वाचं. नाहीतर समुद्राची गाज कुठल्या कानाला येते ते धरून चालायचं.

सड्यावरचा
गाज येत होती, पण घाबरल्यावर सगळीकडूनच यायला लागली. कंपासपेटी, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तंय पण चकवो असताच तर!"