मदत हवी आहे: अमेरिकेतल्या अफगाण आणि पेराग्वेच्या स्थलांतरितांच्या आर्थिक स्थितीची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आकडेवारी आणि अर्थशास्त्रातले बरेच जाणकार इथे लिहितात, म्हणून हा धागा काढते आहे. विषय आडवाटेचा आहे, त्यामुळे आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. मुलं मोठी झाल्यावर कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घेतला. सत्राच्या शेवटी एक प्रकल्प करायचा आहे. सरांनी प्रत्येकाला दोन देश दिले. तिथून अमेरिकेत आलेल्या लोकांची आर्थिक स्थिती सरकारी आकड्यांवरून पडताळून बघायची. माझ्या वाट्याला अफगाणिस्तान आणि पेराग्वे आले. दोन्ही देशांना समुद्रकिनारा नाही, दोन्हीकडे दोन-दोन अधिकृत भाषा आहेत (तिकडे दरी आणि पश्तो, इकडे स्पॅनिश आणि ग्वारानी). साम्य म्हणावं तर एवढंच.

अफगाण लोक मला परके नाहीत. आमच्या गावातल्या सेंटरव्हिल भागाला लोक 'लिटिल काबूल' म्हणतात. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा काबूलमध्ये शिरल्या, त्यानंतर देश सोडलेली कुटुंबं इथे येऊन स्थिरावली. त्यांची नानची भट्टी, किराणा, कापडाची दुकानं आता दुसऱ्या पिढीच्या हातात आहेत. आणि दर शनिवारी मी ज्या वर्गात इंग्रजी शिकवायला जाते, तिथे ऑगस्ट २०२१ नंतर, म्हणजे तालिबानने काबूल घेतल्यावर, आलेल्या बायका येतात. त्यातली एक काबूलला शाळेत गणित शिकवायची. सहा मुलं, नवरा रात्रपाळीने टॅक्सी चालवतो. मी तिला इंग्रजी शिकवते आणि ती मला अपूर्णांकांची सोपी रीत दाखवते.

आता अडचण. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स या सर्वेक्षणांच्या आकड्यांच्या साइटवरून मी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेची (सेन्सस ब्युरोच्या दरवर्षीच्या नमुना सर्वेक्षणाची) २०१९ ते २०२३ ही पाच वर्षांची फाइल उतरवली आणि जन्मदेशावरून दोन गट पाडले. दारिद्र्यरेषेखालच्यांचं प्रमाण अफगाण गटात कितीतरी जास्त आलं. मग पडताळा म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर सगळ्या वंशगटांची उत्पन्नानुसार क्रमवारी लावणारं एक संकेतस्थळ सापडलं. तिथे अफगाण चांगले सुस्थितीत दिसतात! दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

दुसरं असं की पेराग्वेचे लोक इथे फारच थोडे आहेत. २०१० च्या जनगणनेत स्वतःला पेराग्वेच्या मूळचे म्हणवणारे अख्ख्या देशात २०,०२३ होते. एवढ्याशा गटाच्या मीडियन (म्हणजे बरोबर मधल्या घराच्या) उत्पन्नावर विश्वास किती ठेवायचा?

आणि तिसरी गोष्ट, जी मला जास्त छळते आहे. अहवालाच्या शेवटी 'अफगाण समाज पेराग्वेच्या समाजापेक्षा गरीब आहे' असं एक वाक्य लिहून मोकळं होता येईल. पण ज्या बाईला मी ओळखते तिची परिस्थिती आणि चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या दुकानदाराची परिस्थिती एका आकड्यात कोंबायला माझा हात धजावत नाही. गणित न चुकता हे वेगळं कसं दाखवता येईल?

या विषयावर आधी धागा असेल तर कृपया सांगा. सबमिशनला तीन आठवडे आहेत.

प्रतिसाद १

ताई, त्या संकेतस्थळाची 'पद्धत' नावाची टीप उघडून वाचा. अशा बऱ्याच क्रमवाऱ्यांमध्ये गटाचं उत्पन्न लोकांना विचारलेलंच नसतं. ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) त्या गटाचं प्रमाण जास्त, तिथलं सरासरी उत्पन्न त्या गटाच्या नावावर चढवतात. फ्रीमाँटच्या सरासरीत सॉफ्टवेअरवाल्यांचे पगार असतात, आपल्या मराठी मंडळींचेही. तुमच्या शेजारच्या इंजिनिअरची कमाई तुमच्या विद्यार्थिनीच्या खात्यावर दाखवल्यासारखं आहे ते. तो आकडा प्रकल्पात अजिबात घेऊ नका. घ्यायचाच तर चुकीच्या पद्धतीचं उदाहरण म्हणून घ्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. हेच आमच्याकडे उलट्या बाजूने दिसतं. मी न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीत राहते. पेराग्वेची बरीच कुटुंबं या भागात आहेत, बाकीची क्वीन्स आणि वेस्टचेस्टरकडे. आमची काउंटी राज्यातल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांपैकी एक. पण इथले पेराग्वेचे लोक करतात काय? पुरुष बागकामावर आणि बांधकामावर, बायका घरकाम आणि म्हाताऱ्यांची देखभाल. मोठ्या बंगल्यांच्या गावात राहतात, कारण काम त्या बंगल्यांत आहे. भाडं भागवायला एका घरात दोन-तीन कुटुंबं. काउंटीचं सरासरी उत्पन्न त्यांच्या नावावर लावलं तर ते कागदावर लखपती होतील.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी उन्हाळ्यात थर्मासमध्ये तेरेरे घेऊन येतात, म्हणजे येर्बा माते या पानांचा गार पाण्यातला चहा. बारा वर्षं झाली येऊन, एकदाही परत जाता आलेलं नाही. वडील गेले तेव्हाही नाही.

प्रतिसाद ३

मी सर्वेक्षणाच्या आकड्यांवरच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक चूक तपासा. आयपम्सच्या दारिद्र्याच्या रकान्यात ०००, ००१ ते ५०१ अशा किमती असतात. आकडा म्हणजे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किती टक्के आहे ते, म्हणून १०० च्या खाली म्हणजे गरीब. पण ००० म्हणजे 'शून्य उत्पन्न' नव्हे, तर 'लागू नाही'. वसतिगृहातले विद्यार्थी, संस्थांमध्ये राहणारे लोक, नातं नसलेल्या घरात सांभाळलेली लहान मुलं त्यात येतात. तुम्ही नुसते '१०० पेक्षा कमी' असलेले निवडले असतील तर ही सगळी माणसं गरिबांत मोजली गेली. कुटुंबाच्या उत्पन्नातही ९९९९९९९ हा आकडा 'लागू नाही'साठी असतो. तो राहिला तर सरासरी आभाळाला भिडते.

वजनं, म्हणजे नमुन्यातला एक जण किती लोकांच्या जागी आहे ते आकडे, लावलीत ना? माणसं मोजताना व्यक्तीचं वजन, कुटुंबं मोजताना कुटुंबाचं, आणि तेही घरटी एकदाच. नाहीतर आठ माणसांचं घर आठ वेळा मोजलं जातं.

आता पेराग्वेचा लहान गट. पाच वर्षांच्या फाइलमध्ये साधारण ५ टक्के लोकसंख्या येते. वीस-पंचवीस हजारांच्या गटात म्हणजे हजार-बाराशे माणसं आणि काहीशे कुटुंबं. देशपातळीवर मीडियन काढायला हे चालतं, पण मार्जिन ऑफ एरर, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती वरखाली असू शकतो ते, शेजारी लिहाच. सेन्सस ब्युरो ९० टक्के विश्वासपातळीवर देतं, तुम्हीही तीच ठेवा. मात्र या काहीशे घरांचे आणखी तुकडे, म्हणजे राज्यवार किंवा वयोगटवार, पाडायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आणि उत्पन्न कुटुंबाच्या आकाराने भागा. साधी रीत: कुटुंबाचं उत्पन्न भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. समजा सहा जणांच्या घरात ७०,००० डॉलर येतात आणि तिघांच्या घरात ६०,०००. नुसतं पाहिलं तर पहिलं घर वरचढ. वर्गमुळाने भागलं तर पहिलं साधारण २८,६०० आणि दुसरं ३४,६००. अफगाण घरं मोठी असतात आणि बऱ्याच घरांत कमावणारा एकच असतो, त्यामुळे इथे चित्र पालटू शकतं.

प्रतिसाद ४

पेराग्वेच्या गटात एक मोठी खोच आहे, ती कुणी सांगितली नाही. १९९० च्या आसपास अमेरिकन जोडपी पेराग्वेतून दरवर्षी शेकडो बाळं दत्तक घेत होती. गैरप्रकारांच्या तक्रारी वाढल्यावर १९९५ मध्ये पेराग्वेने ते थांबवलं. ती मुलं आज तिशीत आहेत. जन्मदेश पेराग्वे, पण वाढली अमेरिकन घरात, बोलतात इंग्रजी, शिक्षण आणि आधार मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबाचा. जन्मदेशावरून गट पाडलात की ही सगळी त्यात येतात, आणि गटच मुळात लहान असल्याने त्यांचं वजन जाणवतं. अमेरिकेत आलेलं वर्ष आणि जन्मवर्ष यांत दोन वर्षांपेक्षा कमी अंतर असलेले त्या काळातले लोक वेगळे काढून एकदा पुन्हा मोजा. आईवडिलांबरोबर आलेली काही तान्ही मुलंही त्यात निघतील, म्हणून घरी बोलायची भाषा हा दुसरा निकष जोडा.

मी कॅनडात असतो. इथे पेराग्वेत जन्मलेल्यांचा तक्ता काढला तर वेगळीच गंमत दिसते. त्यात बरेच जर्मन बोलणारे मेनोनाइट (एका ख्रिस्ती पंथाचे लोक) असतात. त्यांचे पूर्वज १९२६-२७ मध्ये कॅनडातूनच पेराग्वेच्या चाको प्रदेशात शेती करायला गेले होते. जन्मदेश एक, पण समाज किती निराळे!

प्रतिसाद ५

ताई, मला मूळ प्रश्नच थोडा खटकतो. अशा क्रमवाऱ्या लावून कुणाचं भलं होतं? कोण आलं आणि कसं आलं, यावरच सगळं ठरत नाही का? पेराग्वेचे लोक मुख्यतः अर्जेंटिनात जातात. २०१० च्या तिथल्या जनगणनेत ते ५,५०,७१३ होते, सर्व परदेशी लोकांमध्ये सर्वांत जास्त. बसने सीमा ओलांडता येते, भाषा तीच आणि मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या करारामुळे राहण्याचा परवाना मिळतो. अमेरिकेपर्यंत पोचायला व्हिसा आणि विमानाचा खर्च लागतो, म्हणजे गाळणी आधीच लागलेली असते. काबूलच्या विमानतळावरून जे निघाले त्यांनी कुठे जायचं हे ठरवलं होतं का?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालची रात्र पुन्हा मोजण्यात गेली.

प्रतिसाद ३ वाले दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत. ००० मी गरिबांत धरला होता. तो काढल्यावर दोन्ही गटांचं दारिद्र्य थोडं उतरलं, अफगाणांचं तरीही बरंच जास्त आहे. वर्गमुळाने भागल्यावर अंतर आणखी वाढलं.

दत्तक मुलांचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. ती वेगळी काढल्यावर पेराग्वेच्या गटाचं मीडियन उत्पन्न खाली आलं. मार्जिन ऑफ एरर मोठी आहे, म्हणून 'खाली आलं' एवढंच लिहीन, किती ते ठासून सांगणार नाही.

प्रतिसाद ५, तुमच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. क्रमवारी मलाही लावायची नाही. म्हणून अफगाणांचे तीन भाग केले: २००० पूर्वी आलेले, त्यानंतर २०२० पर्यंतचे आणि २०२१ पासूनचे. पहिल्या भागातले लोक आणि शेवटच्या भागातले लोक एकाच देशाचे आहेत यावर तक्ता बघून विश्वास बसत नाही. मधल्या भागात अमेरिकन फौजेसाठी दुभाष्याचं काम केलेले, २००९ च्या कायद्यातल्या विशेष व्हिसावर आलेले बरेच आहेत. त्यांना आल्याबरोबर कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. २०२१ च्या हवाई सुटकेत सुमारे ७६,००० जण आले, त्यांतल्या बहुतेकांना मात्र दोन वर्षांचा पॅरोल, म्हणजे देशात राहण्याची तात्पुरती मुभा, मिळाला. त्यांना कायम करण्यासाठी २०२२ मध्ये मांडलेलं विधेयक मंजूर झालं नाही. उद्या इथे राहता येईल की नाही हे ज्याला माहीत नाही, तो आपल्या जुन्या व्यवसायाच्या परवान्याची परीक्षा द्यायला दोन वर्षं अभ्यास कसा करेल? मिळेल ती गाडी चालवतो. सर्वेक्षणात शिक्षणाचा रकाना आहे, व्यवसायाचा आहे, या अनिश्चिततेचा नाही.

एक गोष्ट वर्गात कळली ती सांगते. आम्ही मासिक खर्चाचे इंग्रजी शब्द शिकत होतो: भाडं, वीज, किराणा. त्या गणिताच्या बाईंनी 'आई' असा शब्द लिहिला. ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेतले सुमारे ७ अब्ज डॉलर गोठवले गेले आणि तिथले बँकव्यवहार कोलमडले. म्हणून या बाई काबूलमधल्या आईला हवाल्याने, म्हणजे बँकेऐवजी दलालांच्या साखळीतून, पैसे पाठवतात. त्यांचं कुटुंब कागदावर आठ जणांचं आहे, पण पोसलं जातं चौदा जणांना. न्यू जर्सीच्या ताईंच्या मावशींचंही असंच असणार. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे येणारं उत्पन्न विचारतो, घराबाहेर जाणारा पैसा विचारत नाही.

तर आता उरलेले दोन प्रश्न.

पाच वर्षांच्या एकत्रित फाइलमध्ये २०१९ आणि २०२० ची वर्षंही आहेत. तेव्हा हे नवे लोक इथे नव्हतेच. मग त्यांची संख्या सरासरीत पातळ होते ना? त्यांच्यापुरती २०२२ आणि २०२३ ची एकेक वर्षाची फाइल जोडून वापरली आणि पेराग्वेसाठी पाच वर्षांची ठेवली, तर तुलना करताना महागाईचा हिशेब सगळीकडे एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणणं पुरेल का? की वेगवेगळ्या फाइली शेजारी ठेवणंच चूक आहे?

आणि पेराग्वेची माणसं किती वर्षांपूर्वी आली यावरून त्यांचेही तीन भाग करावेत असं सर म्हणाले. पण शेवटच्या भागात मला फक्त काही डझन घरं मिळताहेत. इतक्या थोड्या घरांचा आकडा छापावा की जागा रिकामी ठेवून खाली कारण लिहावं? सेन्सस ब्युरो अशा वेळी काय करतं हे कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा. शनिवारी वर्ग आहे, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला तर राग मानू नका.