मदत हवी आहे: आईची बीपीची गोळी आज बंद करू का?

तासगावची_लेक: आईचे पाय सुजलेत, बोट दाबलं की खळगा पडतो. शेजारच्या काकू म्हणाल्या बीपीच्या गोळीनं होतं. डॉक्टर सोमवारी भेटणार. आज रात्रीची गोळी देऊ की नको? लवकर सांगा.

कृष्णाकाठ: कुठली गोळी? किती एमजी? वय? सूज एका पायाला की दोन्ही?

तासगावची_लेक: दोन्ही पाय. वय ६४. गोळी पांढरी, छोटी.

मेडिकलवाला_विटा: पांढऱ्या छोट्या गोळ्या ढिगानं असतात, ताई. पाकीट उलटं करा, बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं.

सांगलीकर_बापू: गोळ्यांचा नाद सोडा. रोज अनशापोटी दुधीचा रस द्या. मी घेतो.

कृष्णाकाठ: बापू, दुधी कडू निघाला तर विषबाधा होते. असं सांगत जाऊ नका.

तासगावची_लेक: अ‍ॅम्लोडिपिन १०. आधी ५ होती, तीन आठवड्यांपूर्वी वाढवली. देऊ का नको एवढंच सांगा ना!

मेडिकलवाला_विटा: मनानं बंद करू नका. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यानं घोट्याशी पाणी उतरतं. ५ पेक्षा १० वर जास्त. पण दम लागत असेल, आडवं झोपवत नसेल, छातीत दुखत असेल तर सोमवार बघू नका, आत्ताच मिरजेला न्या.

वाळव्याचा_पाटील: द्राक्षं बंद करा. या गोळीवर चालत नाहीत.

कृष्णाकाठ: ते ग्रेपफ्रूट, पपनसाच्या जातीचं. द्राक्षाचा काही संबंध नाही. तासगावात हे पसरलं तर म्हातारी माणसं घरची द्राक्षं खायची सोडतील.

पलूसकर: मग बेदाणा चालतो ना? वडील रोज मूठभर खातात. त्यांना शुगरपण आहे.

कृष्णाकाठ: शुगरला मूठभर जास्त झाला, पण त्याचा वेगळा धागा काढा. ताई, आईला आणखी काय चालू आहे? गुडघ्याबिडघ्याचं?

तासगावची_लेक: डायक्लोफिनॅक, दिवसाला दोन, महिना झाला. बीपीची नाही म्हणून लिहिली नाही. डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही.

मेडिकलवाला_विटा: हेच आधी हवं होतं! ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढवते, किडनीलाही त्रास. कदाचित त्यामुळंच बीपी वाढलं आणि ५ ची १० झाली. डॉक्टरांना फोन करा, तोवर गुडघा नुसता शेका.

तासगावची_लेक: फोन लागला. बीपीची चालू, गुडघ्याची बंद. सोमवारी दोन्ही पाकिटं घेऊन या, रक्त तपासू म्हणाले. दम नाही, जेवली व्यवस्थित. पाय उशीवर ठेवून झोपवलंय.

वाळव्याचा_पाटील: बीपीचं मशीन दंडाचं घ्यावं का मनगटाचं?

मेडिकलवाला_विटा: दंडाचं. पाच मिनिटं शांत बसून मग मोजायचं.