ऑडिटरकडे घर पण आणि कुत्रा पण

कुणी विचारलंय की अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात काउंटी ऑडिटरकडून (काउंटी म्हणजे जिल्हा, तिथल्या मालमत्तांची किंमत ठरवणारा अधिकारी) घराचं व्हॅल्युएशन ४० टक्के वाढून आलं तर टॅक्सही तेवढाच वाढणार का, तर नाही, तसं सरळ गणित नसतं. ओहायोत दर ६ वर्षांनी पूर्ण रीअप्रेझल (किमतीचं नव्याने मूल्यांकन) आणि मध्ये ३ वर्षांनी अपडेट होतं, टॅक्स लागतो तो मार्केट व्हॅल्यूच्या ३५ टक्क्यांवर, आणि १९७६ च्या हाउस बिल ९२० या कायद्यामुळे मतदानाने पास झालेल्या बऱ्याच लेव्हींचा (मालमत्तेवरच्या स्थानिक करांचा) दर किमती वाढल्या की आपोआप खाली येतो. तरी आकडा पटत नसेल तर ३१ मार्चच्या आत बोर्ड ऑफ रिव्हिजनकडे (व्हॅल्युएशनच्या तक्रारी ऐकणाऱ्या काउंटीच्या मंडळाकडे) तक्रार टाका. नुसतं "फार वाढलं हो" म्हणून भागत नाही, नुकत्याच झालेल्या विक्रीचे कागद किंवा अप्रेझल जोडा.

आणि हो, कुत्र्याचं लायसनही याच काउंटी ऑडिटरकडे, गंमतच आहे. ३ महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला लागतं, १ डिसेंबर ते ३१ जानेवारीत रिन्यू करा, उशीर झाला की फीएवढाच दंड वर. मायक्रोचिप असली तरी टॅग (लायसनचा बिल्ला) लागतोच. नवीन पिल्लू आणलंत तर जानेवारीची वाट बघू नका, तेव्हाच काढा.