गाडीच्या शेडसाठी आपोआप गुंडाळलं जाणारं वायरचं रीळ: कुठलं घ्यावं?

सांगलीचं_शेड
नमस्कार मंडळी. सांगलीत बैठं घर आहे, बाजूला गाडीचं पत्र्याचं शेड, साधारण २० बाय ११ फूट. आत १६ अँपिअरचा एकच पॉइंट, मागच्या भिंतीवर छातीच्या उंचीला. २०१९ च्या पुरात शेडमध्ये पाणी शिरलं होतं, त्यानंतर तो वर घेतला.

वडील ७२ वर्षांचे, निवृत्त फिटर. दिवसातला निम्मा वेळ तिथंच असतात: ड्रिल, चार इंची ग्राइंडर, सोल्डरिंग. मी सुट्टीला गाडीसाठी व्हॅक्यूम आणि प्रेशर वॉशर लावतो. सध्या एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पसरलेला असतो. वडिलांना वाकून वायर गुंडाळणं जमत नाही आणि पडलेली वायर पायात येते. मागं एकदा अडखळले, टेबलावरचा व्हाइस (काम धरायचा शिकंजा) हाताशी होता म्हणून सावरले.

म्हणून भिंतीवर बसणारं, ओढलं की बाहेर येणारं आणि सोडलं की स्प्रिंगनं आत जाणारं रीळ हवंय. १० ते १५ मीटर पुरे. बजेट ४५०० रुपये, त्याच्या वर जमणार नाही. कोणी वापरलंय का?

चाकण_टूलरूम
घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या. मी ३० मीटरचं जर्मन बनावटीचं घेतलंय, १४ हजार पडले. रबरची केबल, कितीही ओढा, ऊन-पाऊस काही फरक नाही. शेजारचे तिघे बघून गेले, त्यातल्या दोघांनी तेच मागवलं. स्वस्तातलं घेतलं की दोनदा खर्च होतो.

सांगलीचं_शेड
धन्यवाद. पण बजेट ४५०० आहे दादा, आणि २० फुटी शेडला ३० मीटर काय करू?

चाकण_टूलरूम
उद्या अंगणात, गेटपाशी काम निघेल की. लांब असलेली बरी.

तपकीर_गल्ली
स्प्रिंगच्या भानगडीत पडूच नका. पुण्यात आलात की बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा. रिकामा लोखंडी ड्रम घ्या, तीन कोअरची दीड एमएमची चांगल्या कंपनीची फ्लेक्झिबल केबल मीटरवर तोडून घ्या, टॉप (पिनांचा प्लग) आणि बोर्ड तिथंच जोडून देतात. निम्म्या पैशात होतं आणि आत काय घातलंय ते आपल्या डोळ्यांनी दिसतं. माझा ड्रम वर्षानुवर्षं चाललाय. हँडल फिरवलं की झालं.

सांगलीचं_शेड
हँडल फिरवायलाच नको म्हणून विचारतोय. वडिलांचा उजवा खांदा धरलेला आहे.

लायसन्सवाला_वायरमन
काका काम करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वायरची जाडी. खोक्यावर ‘हेवी ड्युटी’ लिहिलेलं असतं, त्याला अर्थ नाही. केबलवर छापलेलं वाचा. ३ कोअर (आत तीन वेगळ्या तारा), १.५ स्क्वेअर एमएम असेल तरच घ्या. या बजेटमधली बरीच रिळं ०.७५ किंवा १ एमएमची असतात. तुमचा भिंतीतला एमसीबी १६ अँपिअरचा असणार आणि ०.७५ ची केबल साधारण ६ अँपिअरच्या कामाची. म्हणजे केबल तापून मऊ झाली तरी एमसीबी पडणार नाही, त्याच्या हिशोबानं सगळं ठीकच चाललेलं असतं.

दुसरं, रिळावर गुंडाळलेली वायर. मोकळ्या वायरीची उष्णता हवेत जाते. गुंडाळलेलीची एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात जाते. आकड्यात सांगतो. १६०० वॅटचा प्रेशर वॉशर साधारण ७ अँपिअर घेतो. १५ मीटरच्या दीड एमएम केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम रोध, म्हणजे २० वॅट उष्णता. ०.७५ असेल तर दुपटीच्या जवळ, ३८ वॅट. मोकळ्या केबलला हे काहीच नाही, पण बंद प्लॅस्टिकच्या डब्यात अर्ध्या तासात चांगलंच जाणवतं. म्हणून बऱ्या रिळावर दोन वॅटेज लिहिलेली असतात, गुंडाळलेल्या अवस्थेतलं आणि पूर्ण सोडल्यावरचं. एकच आकडा असेल तर तो पूर्ण सोडल्यावरचा समजा. आणि थर्मल कटआउट, म्हणजे फार तापलं की आपोआप बंद करणारा खटका, हवाच.

ड्रिल, सोल्डरिंग, चार इंची ग्राइंडर यांना काही अडचण नाही. प्रेशर वॉशरला मात्र रीळ नको. त्याला भिंतीवर दुसरा पॉइंट काढा.

नागपूर_वर्कबेंच
दुसरा पॉइंट काढायचाच आहे तर दोन काढा ना भाऊ, दोन्ही बाजूंच्या भिंतीवर. मग रीळ कशाला? केसिंग-केपिंग, दोन बोर्ड, एका दिवसाचं काम. मी तर चार भिंतींवर मिळून सहा पॉइंट घेतले, पूर्ण गॅरेजमध्ये कुठंही उभं राहा, हाताशी सॉकेट. लोक बघायला येतात.

ठाण्याची_मीनल
गुंडाळलेल्या वायरीबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. आमच्या घरच्या कार्यात मांडववाल्यानं हॅलोजनसाठी मोठा ड्रम आणला होता. चार वेढे सोडले आणि बाकीचा तसाच ठेवला सतरंजीच्या कडेला. तासाभरानं जळका वास आला. वरून वायर ठीक दिसत होती, आतले वेढे एकमेकांना चिकटून गेले होते. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही रीळ असो, मोठं यंत्र लावायच्या आधी पूर्ण सोडायचं हा नियम आहे.

पिंपरी_सर्व्हिस
गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये छताला लटकवलेली असतात ती बघा. एक नंबर मजबूत. दिवसातून शंभरदा ओढतात पोरं, काही होत नाही. जुन्या बाजारात मिळून जाईल.

तपकीर_गल्ली
ती हवेच्या पाइपची असतात हो. वायरची नव्हेत.

पिंपरी_सर्व्हिस
दोन्ही असतात. आमच्याकडे दिव्याचंही आहे छताला.

तपकीर_गल्ली
दिव्याचं म्हणजे बारीक वायर, एका हँडलॅम्पपुरती. त्यावर ग्राइंडर लावणार का?

पिंपरी_सर्व्हिस
मी स्प्रिंगच्या मजबुतीबद्दल बोलत होतो. तुम्ही कधी सर्व्हिस सेंटरमध्ये उभे राहिलाय का?

न्यूजर्सीकर_देशपांडे
इथं प्रत्येक गॅरेजमध्ये छताला हे असतं, त्यामुळे अनुभवानं सांगतो. १४ गेजचं घ्या, १६ गेजचं घेऊ नका (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). माझं ५० फुटी आहे, तीन सॉकेट, रीसेटचं बटण. छताला लावलं की जमीन पूर्ण मोकळी, गाडीखालीही वायर नाही. डिसेंबरात येतोय, हवं असेल तर बॅगेतून आणू शकतो.

लायसन्सवाला_वायरमन
देशपांडे साहेब, भावना समजली, पण आणू नका. तिथला पुरवठा १२० व्होल्ट, त्या रिळाचे सॉकेट आणि ब्रेकर १२५ व्होल्टचे. इथे २३०. आतला इंडिकेटरचा दिवा पहिल्याच दिवशी जाईल आणि पिनाही आपल्या सॉकेटला बसत नाहीत. वर कन्व्हर्टर लावून भागवलं की अर्थिंगचा भरवसा गेला. केबल चांगली असते हे खरं, १४ गेज म्हणजे साधारण २.०८ एमएम.

छताचंही सांगतो. तिथली छतं वेगळी. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात वरची हवा किती तापते ते सांगलीकरांना सांगायला नको. साध्या पीव्हीसी केबलची मर्यादा ७० अंश. पत्र्याखाली लटकवली तर निम्मी मर्यादा उन्हानंच खाल्ली. भिंतीवर, खांद्याच्या उंचीला लावा. काकांना हात वर करावा लागणार नाही हा दुसरा फायदा.

न्यूजर्सीकर_देशपांडे
मान्य. पत्रा आहे हे लक्षात आलं नव्हतं.

कोथरूड_ईव्ही
याच रिळावर इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करता येईल का? आमचं पार्किंग पॉइंटपासून लांब आहे. सोसायटी परवानगी देत नाही, दोन वर्षं अर्ज पडलाय. प्रत्येक मीटिंगला पुढच्या मीटिंगला बघू म्हणतात.

लायसन्सवाला_वायरमन
नको. चार्जर तासन्‌तास सलग चालतो, रात्री कोणी लक्ष देत नाही. गाडीसोबतच्या पुस्तिकेतही एक्स्टेन्शन वापरू नका असंच लिहिलेलं असतं. वेगळा धागा काढा, सोसायटीच्या अर्जाबद्दल तिथं लिहितो.

मिरज_हार्डवेअर
स्प्रिंगच्या रिळाचा वाईट अनुभव. घेतल्यावर वर्षाच्या आत अर्धवट आत जायला लागलं. दुकानदार म्हणाला, ह्याचे पार्ट येत नाहीत. मेव्हण्यानं उघडलं, तर आतली पट्टीची स्प्रिंग सटकन बाहेर आली आणि तळहात कापला, टाके घालावे लागले. कोणीही उघडू नका. ताणलेली असते ती. आता ते रीळ माळ्यावर पडलंय आणि साधा बोर्ड वापरतो. माझं मत, घेऊ नका.

चाकण_टूलरूम
म्हणूनच म्हटलं, १४ हजारवालं घ्या.

इचलकरंजी_लूम
मिरजकरांचं अर्धवट आत जाण्याचं कारण बहुतेक वेळा केबलवरची धूळ आणि तेल असतं. आमच्या कारखान्यात सहा रिळं आहेत, सूत उडतं सगळीकडं. ओल्या फडक्यानं केबल पुसायची, पूर्ण कोरडी करायची, मग आत सोडायची. ग्रीस-तेल अजिबात लावू नका, पीव्हीसी खराब होतं आणि धूळ जास्त धरते.

आत सोडताना टोक हातात धरून रिळापर्यंत चालत जायचं. मधूनच सोडलं तर टोक फटका मारतं, कधी गाडीला, कधी नडगीला. केबलवर रबरचा गोळा असतो तो हवा तिथं सरकवून घट्ट केला की टोक कमरेच्या उंचीलाच थांबतं. काकांना वाकायला नको.

आणखी एक. ह्यात करंट फिरत्या भागातून, कड्या आणि ब्रशमधून जातो. घेताना दुकानातच मल्टिमीटरनं बघा: टॉपची लांब पिन आणि सॉकेटचं अर्थिंगचं भोक, या दोघांत ओहम मोजायचे. अर्ध्या ओहमच्या आत यायला हवेत. मग दुसऱ्याला केबल सावकाश ओढायला सांगा. आकडा नाचायला लागला तर ते रीळ परत ठेवा.

लायसन्सवाला_वायरमन
हे उत्तम सांगितलंत. मी लिहायचं राहिलं होतं. फक्त टॉप सॉकेटमध्ये लावलेला नसताना मोजा. आणि काट्याच्या मीटरनं नको, डिजिटलनं मोजा.

नाशिक_दत्ता
दीड एमएमच घ्या. आणि रीळ पूर्ण सोडून वापरा. थर्मल कटआउट बघून घ्या.

ठाण्याची_मीनल
हे सगळं वर येऊन गेलंय.

नाशिक_दत्ता
महत्त्वाचं आहे म्हणून पुन्हा लिहिलं.

तपकीर_गल्ली
आणि तांबं खरं आहे का ते बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावानं विकतात. टोकाची एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं की ठेवून द्या.

पिंपरी_सर्व्हिस
लोहचुंबक लावून बघायचं, सोपं.

तपकीर_गल्ली
ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. चुंबकानं फक्त टॉपच्या पिना लोखंडी आहेत का ते कळतं. ते बघा जरूर, पण वायरचं कळणार नाही.

नागपूर_वर्कबेंच
मी अजूनही म्हणतो, दोन पॉइंट काढा. रीळ हे आणखी एक बिघडणारं यंत्र.

लायसन्सवाला_वायरमन
खरं सांगायचं तर माझंही मत तिकडंच झुकतं. ११ फूट रुंदीच्या शेडला दोन भिंतींवर पॉइंट आणि तीन मीटरची वायर पुरते. काहीही करा, शेडच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. प्रेशर वॉशर म्हणजे ओली फरशी. एमसीबी जास्त करंट आणि शॉर्टसाठी असतो, माणसाला शॉक बसताना तो पडेलच असं नाही. आणि पूर येणाऱ्या गावात तर हे आधी, बाकीचं नंतर.

चाकण_टूलरूम
आमच्याकडे मुख्य बोर्डात त्याच कामाचा ईएलसीबी आहे, तोच पुरतो.

लायसन्सवाला_वायरमन
किती मिलिअँपिअरचा? घरभर एकच असेल आणि १०० किंवा ३०० चा असेल, तर तो आगीपासून वाचवायला. माणसासाठी ३०.

चाकण_टूलरूम
बघून सांगतो.

सांगलीचं_शेड
सगळ्यांचे आभार. काल कोल्हापुरात उद्यमनगरला काम होतं, वडिलांना सोबत नेलं आणि रीळ घेऊन आलो. बहुतेकांनी नको म्हटलं असताना घेतलं, म्हणून कारण लिहितो.

दोन पॉइंटचा हिशोब घरी करून बघितला. वडील व्हाइसवर काम करतात, मग गाडीच्या बॉनेटपाशी जातात, मग बाहेर गेटचं बिजागर बघतात. पॉइंट भिंतीवर असला तरी तीन मीटरची वायर जमिनीवर येणारच आणि ती पुन्हा उचलून ठेवायला वाकावं लागणारच. दुकानात त्यांनी डाव्या हातानं केबल ओढली, ती जागीच धरून ठेवणारा खटका लागू दिला, जरा ओढून सोडवली आणि चालत आत सोडली. पुन्हा एकदा केलं. मग मला म्हणाले, हेच घे.

१० मीटर, ३ कोअर, दीड एमएम, केबलवर स्पष्ट छापलेलं. थर्मल कटआउट आहे. ४३०० ला मिळालं. १५ मीटरचंही होतं, पण त्यात १ एमएमची केबल होती, म्हणून सोडलं. मल्टिमीटर नेला होता. अर्थिंगचा आकडा ०.२ आणि ओढताना हलला नाही. पहिलं दाखवलं त्याचा मात्र पार दोनपर्यंत नाचत होता. इचलकरंजीकरांचे विशेष आभार, ते वाचलं नसतं तर पहिलंच घेऊन आलो असतो.

प्रेशर वॉशरसाठी बाहेरच्या भिंतीवर झाकणाचा वेगळा पॉइंट आणि आरसीसीबी, दोन्हीसाठी वायरमन येत्या आठवड्यात येतोय. तोवर वॉशर बंद.

मिरज_हार्डवेअर
वर्षभरानं काय झालं ते इथं लिहा. माझं मत बदललेलं नाही.

चाकण_टूलरूम
४३०० मध्ये १० मीटर म्हणजे मीटरमागं माझ्या जवळपासच पडलं की.

इचलकरंजी_लूम
भिंतीत कशानं बसवताय? ओढताना सगळा झटका त्या ब्रॅकेटवर येतो. लाकडी गुल्ली आणि स्क्रूवर विसंबू नका.

सांगलीचं_शेड
जुनी विटांची भिंत आहे. १० एमएमचे फास्टनर घेतलेत, पण वीट भुसभुशीत निघाली तर?

इचलकरंजी_लूम
तर भिंतीत धरू नका. शेडचा लोखंडी खांब असेल त्याला पट्टी मारून नटबोल्टनं बसवा. खांबालाही अर्थिंग जोडून घ्या, वायरमन येतोच आहे.

लायसन्सवाला_वायरमन
बरोबर. आणि आरसीसीबी बसला की त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, काकांना दाखवून ठेवा. दाबल्यावर पडला नाही तर त्या दिवशी शेडमध्ये काहीही लावायचं नाही, आधी वायरमनला बोलवायचं.