रहस्यकादंबरीकार म्हणून गुन्हेकथा महोत्सवात: रहस्य न फोडता बोलायचं कसं?

पाऊलखुणा
पहिली रहस्यकादंबरी आली आहे. गुन्हेकथा महोत्सवात ५० मिनिटांचा परिसंवाद आहे: चार लेखक, एक सूत्रसंचालक, त्यानंतर लगेच पुस्तकांवर सह्या. रहस्य न फोडता पुस्तकाबद्दल किती बोलावं? तीन मिनिटं वाचायचंही आहे, उतारा कसा निवडू? आणि विक्रीचं कोण बघतं?

काळी शाई
आधी वेळेचा हिशोब करा. ५० मिनिटांतली १० श्रोत्यांच्या प्रश्नांची आणि तुमच्यासारखंच प्रत्येकाचं वाचन असेल तर १२ त्यातच जातात. सूत्रसंचालकाची प्रस्तावना वगळली की तुमच्या वाट्याला बोलायला जेमतेम पाच-सहा मिनिटं येतात, तीही तुकड्या-तुकड्यांत. त्यामुळे भाषण लिहून नेऊ नका. दीड-दोन मिनिटांत संपतील असे तीन मुद्दे पक्के करा.

किती सांगायचं याची हद्द म्हणजे पुस्तकाचा पहिला पाव भाग. २८० पानांची कादंबरी असेल तर सत्तराव्या पानापुढचं काहीही बोलायचं नाही. 'शेवटी मोठा धक्का आहे' हेसुद्धा नाही. ते ऐकलेला वाचक पहिल्या पानापासून सगळ्यात सज्जन पात्रावर नजर ठेवतो आणि तुमची अर्धी मेहनत तिथेच वाया जाते.

मराठीत बोलणार असाल तर खरा सापळा क्रियापदाचा. 'खुनी तेव्हा घरातच लपली होती' एवढं तोंडून गेलं की निम्मे संशयित सुटले! 'खून करणारी व्यक्ती' म्हणा. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगीच, त्यामुळे पुढचं क्रियापद काही उघड करत नाही. चूक होते ती दुसऱ्या वाक्यात: 'व्यक्ती' विसरून आपण 'त्याने' म्हणून बसतो. म्हणून सलग चार वाक्यं मोठ्याने बोलून सराव करा.

सूत्रसंचालकाला आठवडाभर आधी छोटं टिपण पाठवा: कथेच्या दोन ओळी, तुम्हाला आवडतील असे तीन प्रश्न, आणि कुठला विषय काढला तर रहस्य फुटेल ते. शेवटचं बहुतेक जण कळवत नाहीत आणि मग नेमका तोच प्रश्न येतो. सहवक्त्यांची पुस्तकंही वाचून जा. त्यांचं रहस्य आपल्या तोंडून फुटणं याइतकं वाईट काही नाही.

तिसरा साक्षीदार
उताऱ्याबद्दल. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा, म्हणजे तीनशेच्या पुढे जाऊ नका. पात्रं दोनच हवीत. कानाने ऐकताना तिसरं नाव आलं की माणसं गोंधळतात.

मृतदेह सापडण्याचा प्रसंग टाळा. सगळे तोच निवडतात आणि श्रोत्यांना ओळीने चार मृतदेह ऐकावे लागतात. साधा संवाद घ्या, ज्यात एक माणूस काहीतरी लपवतोय हे कळतं पण काय ते कळत नाही.

ज्या पानावर धागा पेरलाय ते पान मात्र कधीच वाचू नका. लेखकाचा आवाज त्या वाक्यावर नकळत संथ होतो, नाहीतर मुद्दाम सपाट होतो. रहस्यकथांचे मुरलेले वाचक दोन्ही पकडतात.

उतारा पुस्तकातून न वाचता १६ पॉइंटात छापून घ्या आणि वर्णनाची वाक्यं निर्दयपणे कापा.

दुमडलेलं पान
विक्री बहुधा महोत्सवाचा अधिकृत पुस्तकविक्रेता करतो, पण तुमचं पुस्तक त्याच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. सहा-आठ आठवडे आधी प्रकाशकाला विचारा: किती प्रती पाठवल्या, न विकलेल्या परत घेणार का? परतीची सोय नसेल तर विक्रेता चार-पाच प्रतींपलीकडे मागवायला कचरतो. स्वतःच्या प्रती नेणार असाल तर त्या तिथे विकता येतात का हेही आधीच विचारून घ्या.

सहीसाठी पेन त्याच पुस्तकाच्या कागदावर तपासा. गुळगुळीत कागदावर जेलची शाई लगेच वाळत नाही, पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उमटते. नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. 'दीपा'तली वेलांटी पहिली की दुसरी हे ऐकून कळत नाही.

पाऊलखुणा
फार उपयोग झाला, आभार. परिसंवादात जागा मिळाली नाही तरी पुढे असे महोत्सव गाठावेत का?

काळी शाई
जरूर. बाउचरकॉन हे रहस्यकथांच्या लेखक-वाचकांचं वार्षिक संमेलन १९७० पासून चालू आहे. तिथे लेखकही शुल्क भरून नाव नोंदवतात, आणि नोंदणी म्हणजे परिसंवादाची हमी नव्हे. इंग्लंडमधल्या हॅरोगेटचा जुलैमधला गुन्हेकथा महोत्सव ओल्ड स्वान हॉटेलात भरतो, १९२६ साली बेपत्ता झालेल्या अगाथा ख्रिस्ती सापडल्या तेच हे हॉटेल. तिथे लेखक-वाचकांच्या खऱ्या गप्पा सभागृहाबाहेरच रंगतात.

न्यायवैद्यक किंवा पोलीस तपासावरचं सत्र असेल तर ते चुकवू नका. 'तुमची सर्वांत थरारक केस कोणती' हे विचारण्यात वेळ घालवू नका. पुरावा घटनास्थळावरून प्रयोगशाळेत जाईपर्यंत किती हातांतून जातो, प्रत्येक टप्प्यावर सही कोण करतं, पिशवीचं सील तुटलेलं आढळलं तर काय नोंदवतात, हे विचारा. पुढच्या कादंबरीचं कथानक अशाच एखाद्या उत्तरात सापडतं.